एकविसावा दाणा

संताजी कोठीवाल्यांनी उभा जन्म मोजण्यात घालवला आणि म्हातारपणी त्यांना आकाश मोजायला मिळालं. ऐकायला मोठं भारी वाटतं. प्रत्यक्षात ते असं होतं, की जुन्या इंदुरातल्या दोन खोल्यांच्या घरापुढे ओसरीवर, पाठीला उशी लावून, अडुसष्ट वर्षांचा एक माणूस परातीत ज्वारीचे दाणे टाकत बसायचा आणि त्याची बायको आतून ओरडायची, "आकाश झालं असेल तर जेवायला या. पोळ्या गार होऊन राहिल्या."

आडनाव खरं तर दुसरंच होतं, पण ते आता रेशनकार्डावरसुद्धा उरलं नव्हतं. आजोबा होळकरांच्या पागेच्या कोठीवर होते, मग वडील, मग चौदाव्या वर्षापासून संताजी. कोठी म्हणजे धान्याचं कोठार. घोड्यांची चंदी, म्हणजे त्यांचा रोजचा हरभरा, तिथून निघायचा. जवळच्या बेटमा गावाकडून पोती यायची, संताजी ती लाकडी मापट्यानं मोजून पागेला द्यायचे. तिघा भावांतले ते मधले. थोरला बंदूक घेऊन शिपाई झाला, त्याचं घरात कौतुक. धाकटा इंग्रजी शाळेत गेला, त्याचे लाड. मधल्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, म्हणून त्याच्या हातात मापटं दिलं.

मोजायची रीत घरचीच होती. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं विसापर्यंत जायचं. वीस झाले की एक चिंचोका वाडग्यात टाकायचा. त्यापुढचं एक मापटं तोंडातून शब्द न काढता बाजूच्या दगडी कुंडीत रितं करायचं. ते धर्माचं. पागेवरची कबुतरं, फिरस्त्या गाई, ज्याला लागेल त्याचं. मग पुन्हा लाभ. धर्माचं माप लहानपणी कधी चुकून मोजलं गेलं, तर वडील तेच मापटं बोटांवर मारत. दोनदा मार बसला, तिसऱ्यांदा बोटं आपोआप शिकली.

पुढे संस्थान गेलं, घोडे विकले गेले, कोठीला कुलूप लागलं. मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. संताजी फक्त धान्याच्या मंडीपर्यंत गेले. तिथं पंचवीस वर्षं उभ्यानं मोजलं. त्यांच्या मापाला कुणी दुसऱ्यांदा माप लावलं नाही. शेतकरी विचारायचा, "संताजी ने नापा क्या?" आणि हो म्हटलं की पोत्याचं तोंड शिवायचा. माणसाजवळ दुसरं काही नसलं तरी एवढं होतं, की त्याचा आकडा म्हणजे आकडा. मग मंडीत लोखंडी काटे आले. पोतं ठेवलं की सुई फिरते आणि सुईला पगार लागत नाही. संताजी घरी बसले. पाय सुजलेले, कंबर धरलेली. दिवस सकाळी पोह्यांपासून सुरू व्हायचा आणि मिलच्या दुपारच्या भोंग्यापर्यंत कसाबसा ढकलला जायचा. त्यानंतर तर तो जागचा हलायचाच नाही.

अशात एका सकाळी जयसिंगराव आले. पलीकडच्या गल्लीतला मुलगा, मुलगा म्हणजे चाळिशीचा. त्याचे वडील त्याच पागेत रिसालदार होते. अमेरिकेत पाच-सहा वर्षं शिकून परत आला होता आणि इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होता. हातात कागदांचं भलं मोठं बाड होतं. रुंद, घडीघडीचे कागद, दोन्ही कडांना भोकं, मधून फिकट हिरवे पट्टे.

"काका, मोजायचं काम आहे. कराल?"

"काय मोजायचं? मूग की मसूर?"

"उजेड."

आतून बायको, द्वारकाबाई, म्हणाल्या, "मीटरवाले भिया आले का? त्यांना सांगा, मागल्या महिन्याचं बिल भरलंय."

जयसिंगराव हसले आणि ओसरीवर मांडी घालून बसले. द्वारकाबाईंनी चहा आणला आणि तिथंच दाराला टेकून उभ्या राहिल्या, कारण बिलाचं प्रकरण नाही हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

"काकी, दवाखान्यात छातीचा फोटो काढतात ना, एक्स-रे? तसलेच किरण आकाशातूनही येतात. पण आपली हवा त्यांना खाली येऊ देत नाही. म्हणून तिकडच्या लोकांनी हवेच्या वर एक यंत्र पाठवलंय. ते तासन् तास एकाच जागी बघत बसतं आणि किरणाचा एकेक ठिपका कुठं पडला ते टिपून ठेवतं. हा कागद म्हणजे आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेचा. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती. या चौकोनात ठिपके पडले शून्य, याच्यात एक, याच्यात तीन."

"शेजारची म्हणजे किती लांब?" संताजींनी विचारलं.

"तिथून उजेड निघाला त्याला एक कोटी वर्षं झाली."

"आणि हे शेजारी?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"आमच्यात याला शेजारीच म्हणतात, काकी."

"मग आमच्या शेजारणीचं काही चुकलं नाही. साखर मागायला तीही तेवढ्याच लांबून येते. आली की परत जायला तिलाही कोटी वर्षं लागतात."

काम एवढंच होतं: जयसिंगरावांनी लाल पेन्सिलीनं गोल काढले होते, प्रत्येक गोलातल्या सगळ्या चौकोनांचे ठिपके एकत्र किती होतात ते सांगायचं. कॉलेजात हिशेबाचं एकच यंत्र होतं आणि ते मोठ्या सरांच्या कपाटात कुलपात असे. जयसिंगराव दिवसाचे पाच तास शिकवत. संध्याकाळी त्या पुसट, चिकटून छापलेल्या आकड्यांकडे बघितलं की त्यांच्या डोळ्यांपुढं चौकोनच नाचायला लागत. अमेरिकेतला त्यांचा दोस्त तिथल्या मोठ्या मशीनवर हेच करणार होता. पण मशीनचा आकडा माणसानं एकदा पडताळावा, असं दोघांचं ठरलं होतं.

संताजी चौथीपर्यंत शिकलेले. आकडे वाचता येत, पण कागदावरच्या बेरजेवर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "मी दाण्यांनी मोजीन. चौकोनात तीन असेल तर तीन दाणे परातीत. गोल संपला की परात मोजायची."

जयसिंगरावांनी परीक्षा म्हणून चार लहान गोल दिले. संताजींनी दाणे टाकले, मोजले आणि सांगितलं, बारा, नऊ, सतरा, बारा. जयसिंगरावांनी खिशातला कागद काढून बघितला आणि म्हणाले, "सौ टका, काका. काम तुमचं."

त्या दिवशी संताजी दोन पोळ्या जास्त जेवले. द्वारकाबाईंच्या ते लक्षात आलं.

मग रोजचं बसणं सुरू झालं. न्याहारी झाली की परात, ज्वारीचा डबा, चिंचोक्यांचं वाडगं आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. एका चौकोनावरून दुसऱ्या चौकोनावर जायचं, दाणे टाकायचे. भोंगा झाला की थांबायचं. काम कंटाळवाणं होतं, मान दुखे, पाय बधिर होत. पण मंडीतही हेच होतं आणि तिथं तर बसायलाही मिळत नव्हतं. ओसरीपुढच्या चिमण्यांनासुद्धा वेळ कळली होती. परात वाजली की सात-आठ जणी पायरीवर येऊन बसायच्या.

बहुतेक गोल गरीब होते. दहा दाणे, पंधरा दाणे. आठवड्याभरानं मात्र एक गोल असा आला, की त्यातल्या मधल्या चौकोनांत पन्नास, साठ, एकात तर नव्वद. परात भरून गेली. संताजी मोजत गेले. चिंचोक्यावर चिंचोका पडत गेला. शेवटी वाडग्यात एकोणपन्नास चिंचोके झाले आणि परातीत एक दाणाही उरला नाही. पोतं काठोकाठ भरून तोंड शिवावं तसं झालं. एकोणपन्नास विसा, म्हणजे नऊशे ऐंशी.

जयसिंगरावांनी आकडा ऐकून कागद स्वतःकडे ओढला.

"जास्त आला का?" संताजींनी विचारलं.

"फारच जास्त, काका. हा गोल दीर्घिकेच्या मध्यावर नाहीये, एका कडेला आहे. मध्यावर मोठं कृष्णविवर असतं, तिथं उजेड असला तर नवल नाही. पण कडेला एकटा तारा एवढा नाही भडकत."

"कृष्णविवर म्हणजे?"

"खड्डा समजा. मोठा तारा मेला की असा खड्डा होतो. आजूबाजूची धूळ-वाफ ओढून गिळतो. गिळताना ती इतकी तापते की एक्स-रे निघतात. पण खायलाही हद्द असते. फार भराभर खायला लागला, तर त्याच्याच उजेडाचा धक्का बसून समोरचा घास लांब उडतो."

हे ऐकून संताजींच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी उजळलं. "तोबऱ्यासारखं," ते म्हणाले. "घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतो ना. हावरा घोडा घाईनं तोंड खुपसतो, नाकानं जोरात श्वास सोडतो आणि कोंडाच कोंडा बाहेर उडतो. मग त्याला हळूच खावं लागतं. लहान घोडा किती खाणार याला माप आहे. जास्त चंदी उठली, तर समजायचं, घोडा मोठा आहे."

जयसिंगराव त्यांच्याकडे बघत राहिले. "काका, मी पाच वर्षं तिकडे राहून हेच शिकलो. हा घोडा मोठा आहे. ताऱ्याचं कृष्णविवर आपल्या सूर्याच्या दहापट वजनाचं असतं, फार तर. मध्यावरचं लाखो पट. याची चंदी बघितली तर हा शे-दोनशे पट असावा. ना धाकटा ना थोरला."

"मधला," संताजी म्हणाले.

"हां, मधला. अजून कुणी नीट पाहिला नाही. किंवा मधला नसेलही. दोन-चार लहान घोडे एकाच जागी खात असतील आणि आपल्याला लांबून एकच दिसत असेल. म्हणूनच माप पक्कं पाहिजे. पुन्हा मोजाल?"

संताजींनी पुन्हा मोजलं. नऊशे ऐंशी. तिसऱ्यांदा मोजलं, नऊशे ऐंशी. जयसिंगरावांनी स्वतः रविवारी पेन्सिलीनं दोनदा बेरीज करून बघितली. एकदा एक हजार एकवीस आली, एकदा एक हजार चौतीस. त्यांच्या दोन बेरजांचं आपसातच पटत नव्हतं, आणि संताजींचा आकडा तिन्ही वेळा जागचा हलला नव्हता. त्यांनी विचार केला, चुकलो तर मीच. आणि दोस्ताला पत्र लिहून टाकलं, नऊशे ऐंशी.

पत्राचं उत्तर यायला महिना लागला. तोवर उन्हाळा तापला. नर्मदेचं पाणी नळाला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती तरी दुपारी नळ कोरडाच खोकायचा. जयसिंगराव आले ते भर दुपारी, आणि आल्या आल्या पाणी मागितलं नाही. तेव्हाच द्वारकाबाईंना कळलं, की काहीतरी झालंय.

"काका, तो मोठा गोल जुळत नाहीये."

संताजींनी चष्मा काढला.

"मशीनचा आकडा वेगळा आलाय. लहान गोल सगळे बरोबर. पण पाच-सहा मोठे गोल आहेत, ते सगळे तुमचे कमी पडताहेत. हा सर्वांत कमी. दोस्त लिहितो, मोजणारा माणूस भरवशाचा नसेल तर कागद परत पाठव, इथलं मशीनच पुरे." त्यांनी कपाळ पुसलं. "तसं घाबरायचं कारण नाही. थोडासा फरक आहे. त्यानं कृष्णविवर काही मरत नाही. खुद्द आकाश तीसेक ठिपके इकडचे तिकडे करतं. आज मोजलं तर एक, उद्या मोजलं तर दुसरं."

"आकाशानं केलं तर चालेल," संताजी म्हणाले. "मी नाही करायचं."

"आकडा सांगतो तुम्हाला, म्हणजे..."

"नका सांगू. सांगितला की माझा हात तिकडे ओढला जाईल. पत्र खिशात ठेवा. चार दिवसांनी या."

जयसिंगराव गेले. संताजींनी जेवण नको म्हणून सांगितलं. द्वारकाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्या पाठीशी येऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी संताजींच्या मापाला दुसरं माप लावलं होतं, आणि तेही सात समुद्रांपलीकडून. मंडीच्या काट्यानं त्यांना घरी बसवलं तेव्हाही कुणी असं म्हटलं नव्हतं, की तुम्ही कमी मोजता. दमलात म्हणाले, म्हातारे झालात म्हणाले. ते खरंच होतं. कमी मोजता, हे कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच गोल चौथ्यांदा मोजला. एकेक चौकोन बोटानं दाबून धरला, दाणे दोनदा पारखून टाकले. वाडग्यात एकोणपन्नास चिंचोके. परातीत काही नाही.

"डोळे गेले," ते म्हणाले.

"डोळे गेले असते तर दर खेपेला निराळा आकडा आला असता," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्या जयसिंगचा येतो तसा."

"मग हात गेला."

"हात तर कसा सरळ चालून राहिला. मी बघते ना इथून."

संताजींनी दाणे डब्यात परत ओतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले. अंगात जोर नव्हता, पण बसले. द्वारकाबाई समोर तांदूळ निवडत होत्या. त्यांची एक नजर तांदळावर, एक परातीवर. संताजी ओठातल्या ओठात म्हणत होते, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. चिंचोका वाडग्यात वाजला. मग त्यांच्या अंगठ्यानं परातीच्या काठावरचा एक दाणा टिचकीनं पायरीवर उडवला. चिमणीनं तो टिपला. संताजी म्हणाले, लाभ.

द्वारकाबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"अहो."

"मधे बोलू नकोस. हां, दोन, तीन..."

"अहो, चिमणीला टाकला तो दाणा कोणत्या मापातला?"

"कुठला दाणा?"

"आत्ता टाकला तो. वीस झाले की टाकता तो. महिनाभर बघून राहिले मी. मनात म्हटलं, चला, म्हाताऱ्याला चिमण्यांची दया आली. पण तो मोजता की नाही?"

संताजींचा अंगठा काठावरच होता. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू कुणी परका माणूस येऊन परातीत बोट घालून बसलाय.

त्यांनी तो काठावरून हळूच उचलला. पायरीवरच्या चिमण्या थोडा वेळ वाट बघून तुळशीच्या कुंडीवर गेल्या. मग ते म्हणाले, "धर्माचा."

"काय?"

"धर्माचा दाणा. एकविसावा." ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. "बाबांनी बोटांवर मारून शिकवला. हात विसरला नाही. लहान गोलात वीसच होत नाहीत, म्हणून ते जुळले. मोठा गोल आला की दर विसामागे एक गेला. अगं, ते ठिपके कोटी वर्षं चालत इथवर आले आणि मी ते चिमण्यांना घातले."

"मग काय वाईट केलं," द्वारकाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सरकवलं आणि पदर खोचून परातीसमोर येऊन बसल्या. "चला. पुन्हा टाका दाणे सगळे. मी बसते."

"तू काय करणार?"

"तुम्ही वीस म्हणा. एकवीस मी म्हणते."

हे बोलायला सोपं होतं. पहिल्याच विसाला संताजींनी चिंचोका टाकला आणि अंगठा निघाला. द्वारकाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवून म्हटलं, "एकवीस." दाणा परातीतच राहिला.  साठ वर्षांचा हात, त्याला एका दुपारी काय समजावणार? मग त्यांनी रीत बदलली. वीस झाले की चिंचोका, आणि द्वारकाबाई म्हणतील तो एकविसावा दाणा म्हणजे पुढच्या विसातला पहिला. त्यालाच लाभ समजायचं. दर वेळी अंगठा निघे आणि दर वेळी मनगटावर हात येई.

"तुमचे बाबा असते तर मला मारलं असतं," मधेच द्वारकाबाई म्हणाल्या.

"तुला नाही. तुला ते घाबरायचे."

"मी तेव्हा नऊवारीत पंधरा वर्षांची होते. मला कोण घाबरणार?"

"म्हणूनच घाबरायचे."

भोंगा होऊन गेला. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं. मोजणं संपलं तेव्हा वाडग्यात एकावन्न चिंचोके होते आणि परातीत सुटे दाणे नऊ. त्यांनी ते नऊ दाणे दोनदा मोजले, जणू तेच काय ते कठीण होते. मग पाठ उशीला लावली आणि डोळे मिटले.

चौथ्या दिवशी जयसिंगराव आले. संताजींनी विचारायची वाट पाहिली नाही. "एक हजार एकोणतीस," ते म्हणाले.

जयसिंगरावांनी खिशातून पत्र काढलं, उलगडलं आणि परातीशेजारी ठेवलं. इंग्रजीच्या मधोमध आकडा होता, तेवढा संताजींना वाचता आला. एक, शून्य, दोन, नऊ.

"काका, नेमका! पण मग आधी चार वेळा..."

संताजींनी सगळं सांगितलं. कोठी, मापटं, कुंडी, बोटांवरचा मार, चिमण्या. काही लपवलं नाही. जयसिंगरावांनी पेन्सिल काढून कागदाच्या कोपऱ्यात मांडलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "एकोणपन्नास विसा, एकोणपन्नास चिमण्यांना. क्या बात है. बरोब्बर एकोणपन्नास कमी."

"आता पत्र लिहा."

"लिहितो ना. लिहितो, पुन्हा मोजलं, जुळलं. बास."

"का चुकलं तेही लिहा."

जयसिंगराव अडखळले. "काका, तिकडे असं नाही लिहीत. हसतील. मी लिहितो, सुरुवातीला पद्धतीत थोडी गडबड होती."

"गडबड नव्हती," संताजी म्हणाले. आवाज थकलेला होता, पण खाली आला नव्हता. "गडबड म्हणजे कधी कमी, कधी जास्त. माझं एकदाही जास्त नव्हतं आणि एकदाही निराळं नव्हतं. दर विसामागे एक, बस. तेवढं लिहा. तो तुमचा दोस्त शहाणा असेल तर ते वाचून त्याला कळेल, की माणूस भरवशाचा होता. कळलं नाही, तर कागद पाठवून द्या त्याच्याकडे. मशीन मोजू दे."

"आणि बाकीचे मोठे गोल?"

"ते काल संध्याकाळी आणि आज सकाळी मोजले. कागदावर लिहून ठेवलेत. हिनं एकवीस म्हटलंय."

जयसिंगरावांनी तिथंच बसून पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहायला त्यांना वेळ लागला, दोन ठिकाणी खोडलं. मग वाचून दाखवलं, मराठीत करून. मोजणारा गृहस्थ धान्य मापायच्या घराण्यातला आहे. त्यांच्या रिवाजाप्रमाणे दर वीस मापांनंतरचं एक माप धर्मादाय बाजूला निघतं आणि मोजलं जात नाही. सवयीनं तसं घडलं. ते जमेला धरून आकडा तुझ्या मशीनशी शेवटच्या ठिपक्यापर्यंत जुळतो. माझ्या स्वतःच्या दोन बेरजा मात्र जुळल्या नाहीत, त्या सोडून दे.

"शेवटची ओळ चांगली आहे," द्वारकाबाई दारातून म्हणाल्या.

जयसिंगराव पत्र घेऊन टपालात टाकायला गेले. जाताना म्हणाले, अजून एका दीर्घिकेचे कागद आहेत, उद्या आणू का? संताजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हात नुसता वर केला.

मग ओसरी रिकामी झाली. परात तशीच होती, ज्वारीनं भरलेली. पायरीवर चिमण्या येऊन बसल्या होत्या. कालपासून त्यांना काही मिळालं नव्हतं आणि त्यांच्या मते हा सरळ सरळ अन्याय होता.

"आता यांचं काय करायचं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

संताजींनी परातीकडे बघितलं. मग चिमण्यांकडे. त्यांनी मूठ परातीत घातली, भरून घेतली आणि पायरीवर उधळली. किती दाणे गेले ते त्यांनी पाहिलं नाही. मग दुसरी मूठ. हात आपोआप थांबायला बघत होता, कुठल्यातरी आकड्यापाशी. पण कुठला आकडा, हे त्याला समजेना.

"पुरे," द्वारकाबाई म्हणाल्या. "उद्याची भाकरी त्यातच आहे."

संताजींनी मूठ उघडी ठेवली, उशीला टेकले, आणि चिमण्या जवळ आल्या तरी त्यांनी पाय आखडून घेतले नाहीत.